उंद्रीच्या तलावातल्या गोगलगायी

७ जानेवारी
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लिम्निया आणि बेलामिया, दोन्ही जातींच्या गोगलगायी प्रत्येकी चाळीस मोजल्या. लांबी जवळपास सारखी, पंचवीस मिलिमीटर. वजनात मात्र बेलामिया अडीच पट! लिम्नियाचं कवच इतकं पातळ की व्हर्नियर जरा आवळला तरी फुटतं. आज तीन फुटल्या. मग उकळत्या पाण्यात टाकून मांस काढायचं, वजन करायचं. आता काहीच वाटत नाही — त्याचंच वाईट वाटतं.

११ जानेवारी
शेजारची पंचफुलामावशी गुडघाभर पाण्यात उतरून मला गोगलगायी काढून देते. उरलेल्या घरी नेऊन उकडते, खाते. आज मासळीच्या ठेकेदाराचा राखणदार, इंद्रभान, काठावर आला. "पुन्हा पाण्यात दिसली त हातपाय मोडीन."
मावशी म्हणाली, "तुह्या मालकानं मासे घेतले, तलाव नाही घेतला."
मला हसू आलं. त्यानं ते पाहिलं.

१४ जानेवारी
मारलं त्यानं. बांबूनं. मावशी पाण्यातून वर येत होती — पहिला फटका कानावर, मग पाठीत. ती पडली तरी थांबला नाही. मानेवर गुडघा ठेवून तिचं तोंड चिखलात दाबलं.
मी ओरडले, "सोड बे, मरंल ते!"
त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. मी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो कलंडला. मावशी सुटली, खोकत होती.
मी दगड पुन्हा उचलला. पुन्हा मारला.
दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी
इंद्रभान बुलढाण्याला दवाखान्यात. शुद्ध नाही. मावशीच्या दोन बरगड्या मोडल्या, पण घरीच आहे. आई म्हणते, "कोणं पाह्यलं तुले? चूप राह्य."
मोजायला बसले. एकच शंख चारदा मोजला, चार आकडे आले.

१७ जानेवारी
इंद्रभान सकाळी गेला. त्याच्या बायकोला, राखीला, सातवा महिना आहे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची.

१८ जानेवारी
मावशीनं पोलिसांना सांगितलं — "दगड म्या मारला." तिला घेऊन गेले. आई माझ्या गळ्यात पडून रडली, सुटल्यासारखी. आता चहा ठेवतेय. मी पोलीस ठाण्याकडे निघाले.