पाखरं बुजेनात

९ डिसेंबर
पोचले एकदाची! अकरा वर्षांनी मामा दिसला. आईचा सख्खा धाकटा भाऊ, पण इतकी वर्षं आमच्याकडे यायची ती फक्त त्याची कार्डं. प्रत्येकावर त्यानेच काढलेला पक्ष्याचा फोटो, इतक्या जवळून की पिसं मोजावीत. गेल्या महिन्यात माझ्या नावाने कार्ड आलं : "चिमणे, ये. तुला शिकवतो." मी लगेच दोन आठवड्यांची रजा टाकली. आई कुरकुरली, बहीण आठवत नाही त्याला, भाची बरी आठवते.

घर खाडीच्या तोंडाशी, दोन खोल्यांचं. एकीत फोटोंच्या चळती, दुसरीत माझी खाट. दुपारी चौकात चहाला गेलो, तर चहावालीने एकच कप आणला, माझा. मामा हसून म्हणाला, विसराळू आहे बिचारी.

१० डिसेंबर
सकाळी ओहोटीला खाडीवर गेलो. उत्तरेकडून आलेले हजारो पक्षी चिखलात चोची खुपसत होते. मी शंभर पावलांवर पोचले की अख्खा थवा भुर्रकन उडायचा. मामा मात्र त्यांच्यामधून चालत गेला, तरी एकानेही मान वर केली नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मग त्याने त्याची जागा दाखवली : चिखलाच्या कडेला वाळूतला एक खळगा, माणूस पालथा मावेल एवढा. रोज इथे पडून राहा म्हणाला, आठवड्याभरात पाखरं बुजायची थांबतील.

१३ डिसेंबर
काल वीस पावलं, आज दोन! एक तुतवार लेन्सच्या इतका जवळ आला की फोटोच निघेना. मला हसू आवरेना, तरी तो हलला नाही. जेवायला बोलवायला मामा आला आणि त्याला बघून सगळा थवा उडाला. मी वैतागले. तो मात्र चिखलातच बसला आणि रडायला लागला. म्हणाला, तुझी प्रगती बघून भरून आलं.

१५ डिसेंबर
चहावालीने मामाला विचारलं, गावात नवीन आलात का. त्याला चहा दिला. मला नाही. मी दोनदा मागितला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मामा खाली मान घालून चहा फुंकत राहिला.

१६ डिसेंबर
आईला फोन लावला. "हॅलो? कोण आहे? अहो, बोला की!" मी घसा फोडून बोलत होते. तिने ठेवून दिला. त्यानंतर फोनला माझं बोटच कळेनासं झालंय. थांब्यावर एसटीला हात केला. ड्रायव्हरने वेगसुद्धा कमी केला नाही.

१७ डिसेंबर
मामाला गाठलं. त्याने शांतपणे सगळं सांगितलं. खळग्यात एकदा पडून राहिलं की माणूस कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. आपण ज्याला बोलावू, त्यालाच दिसतो. तो येऊन खळग्यात पडला की आपण सुटतो. मामाला त्याच्या मास्तरांनी असंच बोलावलं होतं. सुटलेल्यांना अडकलेलं माणूस दिसत राहतं, म्हणून मी त्याला दिसते.
मी विचारलं, मीच का?
"बोलावल्यावर धावत येणारी तूच होतीस, चिमणे."
माझा पहिला कॅमेरा त्याने दिला होता. मी सातवीत होते.

१८ डिसेंबर
मामा गेला. जाताना टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवलाय. वर तिकिटं लावून.
एकावर धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. फाडलं.

२० डिसेंबर
पुन्हा लिहिलं. पुन्हा फाडलं. ती नक्की येईल — म्हणूनच —

२१ डिसेंबर
पाठीवर बसतात आता. कॅमेरा उचलत नाही. एकाने मानेत चोच मारली. रक्त आलं. दुखलं नाही —

२२ डिसेंबर
आई आलीय. मामा घेऊन आलाय. तिला सांगतोय, भांडून निघून गेली, कुठे ते सांगितलं नाही.
आई चप्पल हातात घेऊन चिखलात उतरली. मला हाका मारतेय. ती जाईल तिकडचे थवे उडतायत.
तिचा हात धरला. म्हणाली, किती गार वारा आहे इथे. शाल ओढून घेतली.
मामाने सरळ माझ्याकडे पाहिलं. मग नजर वळवली.
मी ओरडले. जीव खाऊन. एकही पक्षी उडाला नाही.

तिची पिशवी बाकावर आहे. वही त्यात टाकते. घरी गेल्यावर वाचेल.
आई, मी भांडले नाही. कुठेही गेले नाही. धाकटीला मामाजवळ एकटी सोडू नकोस —
फक्त एक शब्द लिहिला तर तू मला बघशील. नाही लिहिणार.
हाका मारून तिचा आवाज बसलाय. तरी मारतेय. माझंच नाव —
आई, एकदाच बघ. फक्त एकदा. आई, इकडे —