निकेल गेलं कुठे?

प्रिय ठमे,

खडक वाचून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांचं दुखणं एकच आहे. ऐन मजकुराशी पोचावं, तर कुणीतरी येऊन पुस्तक मिटतं. तुझ्या साहेबांनी बोअर थांबवलंय, कारण नमुन्यांत निकेल कमी निघालं. कमी! ह्या एका शब्दावर गाशा गुंडाळणारा माणूस स्वतःला भूशास्त्रज्ञ म्हणवतो, याचा मला संताप येतो. फोनवर मी बोलायला लागले की तू विचारतेस, "मावशी, सभा सुरू झाली का?" म्हणून लिहितेय. कागदाला 'हं, हं' करत टाळता येत नाही.

तू पाठवलेले कोअरचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडी दांड्याचे, तुकडे मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलेत. तुझे काका चहाचं भांडं शोधताना करवादले, "ह्या घरात माणसं राहतात की दगड?" मी त्यांच्या हातात भिंग दिलं. आता ते भिंग सोडत नाहीत.

खोलातून वर निघालेला शिलारस वाटेतच जमिनीत कोंडला आणि थिजला, तो हा काळा, जड खडक. त्यातले हिरवे दाणे ऑलिव्हिन ह्या खनिजाचे. अशा शिलारसात निकेल असतंच, आणि हे दाणे घडताना आपला वाटा उचलतात. इथे ते उपाशी राहिलेत. त्यांच्या आधी ताटावर कोण बसलं होतं? मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मग काकांनीच भिंगातून एक लचका दाखवला: शेजारच्या गंधकाने भरलेल्या गाळखडकाचा, अर्धवट विरघळलेला. शिलारसाने तो गिळला, पण गंधक त्याला पचलं नाही. पाण्यात तेल सुटं होतं तसे गंधकाचे थेंब सुटे झाले. फक्त हे थेंब जड. आसपासचं निकेल, तांबं ओढून घेत ते खाली बसले. म्हणजे वर निकेल कमी, हाच तर खालचा पत्ता! तुझ्या गुरुत्वमापनात ह्या काळ्या खडकाचा तळ, बोअर थांबलं तिथून अजून साठएक मीटर खाली दिसतो. थेंब त्याही खाली, शिलारस आला त्या नळीतच अडकले असतील, तर मी चुकले. पण तळ बघून चुकायला माझी तयारी आहे. न बघता बरोबर ठरणं मला जमत नाही.

आता, हे आजच का लिहिलं ते सांगते. कोअर परत न्यायला आलेले ड्रायव्हरदादा दारात उभे आहेत; हे पत्र त्यांच्याच हाती देतेय, रात्रीपर्यंत तुला मिळेल. ते सहज म्हणाले, "उद्या सकाळी केसिंग उपसणार." भोकाला आधार देणारे ते पाइप निघाले की वरची भुसभुशीत माती आत ढासळेल. दुसरं बोअर तुला कुणी देणार नाही, आणि ज्या टेकडीसाठी तू इतकी भांडलीस ती कायमची 'रिकामी' ठरेल. पाइप काढायच्या कागदावर सही साहेबांची नाही, साइटप्रमुख म्हणून तुझी लागते. ठमे, उद्या ती सही करू नकोस.

तुझीच,
सभा आवरती घेतलेली मावशी