सोळा कोयत्यांची ब्रेकिंग न्यूज

२ जानेवारी
संकल्प कालच लिहायचे होते. पण कालचा दिवस संकल्पांवर विचार करण्यात गेला. तर आता: पहाटे पाचला उठणे. सगळे पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. रील्स बंद. या डायरीत फक्त सत्य.
आत्ता साडेअकरा वाजलेत. उद्यापासून पाच.

३ जानेवारी
आज वर्गात बॉम्ब पडला. बाबर सर म्हणाले, आपल्या पत्रकारिता विभागातून एकालाच सांगलीच्या एका दैनिकात ट्रेनी म्हणून घेणार आहेत. चौदा तारखेच्या आत जो स्वतः शोधून बातमी आणेल, त्याच्या नावाची शिफारस. सांगताना सर सरळ माझ्याकडं बघत होते. रूममेट जोतिबा म्हणतो, सर खिडकीबाहेर बघत होते. मी खिडकीशीच बसतो, त्यामुळं दोन्ही एकच.

ही जागा मला मिळालीच पाहिजे. पप्पा सुभेदार म्हणून रिटायर झालेत आणि त्यांची ऑर्डर आहे की जूनपर्यंत पेपरात नाव छापून आलं नाही, तर पेन खाली आणि भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर. मला दोनशेतच धाप लागते.

स्पर्धा म्हणाल तर एकच. प्रियदर्शनी, आष्ट्याची. गेल्या महिन्यात तिनं स्टँडवरच्या बंद नळाची बातमी केली आणि नळ सुरू झाला. नळ! मी लोकशाहीवर लिहितो.

६ जानेवारी
पाचला जाग आली होती. उठलो नाही, पण जाग आली होती.
सरांचं लेक्चर: दोन स्वतंत्र सूत्रांकडून खात्री केल्याशिवाय बातमी द्यायची नाही. वर्ग लिहून घेत होता. मी घेतलं नाही. हे माझ्यात उपजत आहे.

दुपारी पप्पांचा फोन. विषय: ऊस. तोड येईना झालीय, उसाला तुरे आलेत, रोज वजन घटतंय, कारखान्यात हेलपाटे घालून चप्पल झिजली. मी म्हटलं पॉझिटिव्ह राहा. ऊस मला कळत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. माझं बालपण अंबाला, जबलपूर, बेळगाव अशा कॅन्टोन्मेंटमध्ये गेलं. उंब्रजजवळच्या आमच्या गावी मी जायचो ते जत्रेला. उसाशी संबंध रसापुरता. आलं-लिंबू घालून.

८ जानेवारी
ग्राउंड रिपोर्टिंग. दोन तास आयर्विन पुलावर उभा राहून समाजाचं निरीक्षण केलं. समाजानं एकदा विचारलं, बाजूला सरकता का. नंतर बाजारपेठेत. निष्पन्न: अर्धा किलो भडंग.
प्रियदर्शनी म्हणे रोज कुठं ना कुठं एसटीनं जाते. जाऊ दे. पळणाऱ्याला दिसत नाही, बसणाऱ्याला दिसतं. हे वाक्य माझंच आहे. मुलाखतीत वापरणे.

१० जानेवारी, दुपारी दीड
गावचा व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता, चुकून उघडला. चुलते बाळासो तात्या यांचा व्हॉइस मेसेज. शब्दशः उतरवतो:
टोळी आलीया बरं का. सोळा कोयतं हायती. मुकादम लय कडक गडी हाय, आधी एंट्री द्या म्हंतोय. आन आधी पेटवनार, मगच तोडनार, आसं बोललाय. उद्या लालासाहेबांचा नंबर हाय. सगळ्यास्नी सांगून ठेवा.

लालासाहेब म्हणजे माझे पप्पा.
तीनदा ऐकला. मोबाईल उघडला की रोज कोयता गँग, कोयता गँग. ती आता आमच्या गावात पोचली!

दुपारी दोन
पप्पांना फोन केला. टोळी उद्या आपल्याकडंच येणार हे खरं का, विचारलं. म्हणाले, व्हय तर! दोन महिनं डोळं लावून बसलोय, यू दे की. मी म्हटलं, पप्पा, त्यांच्याकडं कोयते आहेत. ते हसले. म्हणाले, मग काय नेलकटर घिऊन यायचं व्हय त्यांनी?
डोळे भरून आले. हा माणूस सियाचीनला राहून आलाय. मागून आईचा आवाज येत होता, आवं, पोह्याचं मोठं पातेलं काढलंय म्हणावं, येतोय का हाताखाली? आईसुद्धा! घरावर संकट आणि ही बाई पोहे करतेय. मी म्हटलं, मी माझ्या लेखणीनं मदत करतो. पप्पा म्हणाले, बरं, आन फोन कट.

दुपारी तीन
खात्री. सूत्र पहिलं, तात्यांचा मेसेज. सूत्र दुसरं, तोच मेसेज भावकीच्या ग्रुपवर फॉरवर्ड झालेला. ग्रुप वेगळा, म्हणजे स्वतंत्र. शिवाय पप्पांचा दुजोरा. सर दोन मागतात, मी तीन दिले.

दुपारी चार
हेडलाइन: उंब्रज परिसरात कोयता गँगची दहशत! सोळा कोयत्यांसह टोळी दाखल, माजी सुभेदाराचं घर पेटवून हातपाय तोडण्याची धमकी.
घर आणि हातपाय हे मी घातलं. काय पेटवणार आणि काय तोडणार हे तात्या बोलले नव्हते, वाक्य अर्धवट वाटत होतं. पुढं: टोळीचा म्होरक्या ‘मुकादम’ या टोपणनावानं वावरतो. ‘एंट्री’ या सांकेतिक शब्दाखाली खंडणी.
प्रियदर्शनीला दाखवू का? नको, ढापेल. सरांचा फोन लागेना. बातमी कुणासाठी थांबत नाही. विभागाच्या इन्स्टा पेजचा पासवर्ड माझ्याकडंच आहे. पप्पांचा युनिफॉर्ममधला फोटो लावला आणि टाकली. खाली माझं नाव, ठळक: साईराज जगदाळे.

११ जानेवारी, सकाळी आठ
व्हायरल! एक लाखाच्या वर गेली. जोतिबा म्हणाला, लय भारी गड्या, आमच्या शिराळ्यात मावशीनं दाराला आतनं कडी घातलीया. हा माझा पहिला वाचक.
नवे संकल्प: ट्रेनी वगैरे नाही, थेट क्राइम रिपोर्टर. व्हिजिटिंग कार्ड. जॅकेट, खिशांचं.

सकाळी दहा
गावात पोलिसांची गाडी गेली. याला म्हणतात इम्पॅक्ट. नळ काय कुणीही सुरू करेल.

सकाळी साडेअकरा
कॅन्टीनमध्ये प्रियदर्शनी शोधत आली. अभिनंदनाला आली असं वाटून मी उभा राहिलो. तिनं विचारलं, तुमच्याकडं ऊस आहे का रे? मी म्हटलं, विषय बदलू नको. मग तिनं मला बाकावर बसवलं आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. टोळी म्हणजे ऊसतोड कामगारांची टोळी. कोयते असतात, कारण ऊस दातानं तुटत नाही. मुकादम म्हणजे मुकादम, टोळीचा प्रमुख, टोपणनाव कसलं? एंट्री म्हणजे उसाच्या फडात उतरायला शेतकऱ्याकडून वर मागतात ते पैसे. पेटवतात तो फडातला पाला, मग तोड सोपी जाते. आमच्या आष्ट्यात मागच्याच आठवड्यात टोळी येऊन गेली, येड्या.
मी म्हटलं, पण लालासाहेबांचा नंबर? ती म्हणाली, नंबर म्हणजे नंबर! रेशनच्या लायनीत असतो तसा.
मग तिनं विचारलं, हातपाय कुठून आणलेस? तिथं मी चहा प्यायलो. कपात चहा नव्हता.

दुपारी सव्वाबारा
पोस्ट डिलीट केली. स्क्रीनशॉट मात्र डिलीट होत नाहीत. तांत्रिक अडचण.

संध्याकाळ
पप्पांचा फोन. पोलिस आले, चौकशी केली, हसले, पोहे खाऊन गेले. पण टोळी बिथरली. बायकापोरांची माणसं ती. मोबाईलवर बातमी त्यांनीही वाचली. मुकादम म्हणाला, ज्या गावात आमाला गुंड म्हंत्यात तितं पानी बी प्यायचं न्हाई. दुपारीच ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून निघून गेले. आमचा फड उभाच.
पप्पा ओरडतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. ओरडले नाहीत. म्हणाले, लय वाट बघितली हुती रं. बस्स. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लय वाईट वाटलं. जेवलो नाही. (भडंग खाल्लं.)

१२ जानेवारी
बाबर सरांनी पासवर्ड काढून घेतला. विचारलं, दोन सूत्रं कुठली? सांगितलं. सर चष्मा काढून पुसत बसले. स्वच्छच होता.

१३ जानेवारी
शिफारस प्रियदर्शनीची. बातमी: एका अफवेनं टोळी गेली, ऊस राहिला. पोरगी एसटीनं आमच्या गावी गेली, पप्पांशी बोलली, शेजारच्या गावात मुकादमाला गाठलं. आईनं तिला जेवायला वाढलं म्हणे. बातमीत माझं नाव नाही, ‘पत्रकारितेचा एक विद्यार्थी’ इतकंच. मी तिला म्हटलं, नाव घालायचं होतंस. ती म्हणाली, तुझी दया आली. पेपरात नाव यायची तीही संधी गेली.

१४ जानेवारी, संक्रांत
गावी. पप्पा आणि मी तिळगूळ घेऊन मुकादमाच्या पालावर. पत्ता प्रियदर्शनीनंच दिला. मुकादम आप्पासो, जतकडचा माणूस. मी म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. तो म्हणाला, गोड तुमी बोलायचं हुतं की. तिळगूळ मात्र घेतला. मग पप्पांना म्हणाला, सुभेदार, तुमच्याकडं बघून यितो. पर ह्यो गडी फडात पायजे. तोडू दे आमच्यासंगं, मग लिवू दे काय लिवायचं त्ये. मी विचार करून कळवतो म्हणेपर्यंत पप्पांनी यस म्हणून टाकलं.

१५ जानेवारी
यात मोठी संधी आहे, हे त्यांना कळलेलं नाही. कामगारांमध्ये राहून लेखमाला! पाच भाग. पुरस्कार ठरलेला. प्रियदर्शनी दोन तास बोलून आली, मी आतून लिहिणार. उद्या पहाटे पाचला फडात. पाचचा संकल्पही आपोआप पूर्ण.

१६ जानेवारी
पाला कापतो. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मान, कान, बोटं, सगळीकडं बारीक चिरा आणि त्यात घाम. मोळी डोक्यावर घेतली, मोळी तिथंच राहिली, मी खाली गेलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आई बांधावर पोहे घेऊन आली होती. तीही.
लेखमाला तीन भागांची करावी.

१७ जानेवारी
पेन धरवत नाही. थोडक्यात.
आज नवी माहिती मिळाली. टोळीत कोयता म्हणजे हत्यार मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. सोळा कोयते म्हणजे बत्तीस माणसं. माझ्या बातमीत तेही चुकलं होतं.
संध्याकाळी कारखान्यातून फोन आला, टोळी केवढ्याची म्हणून. आप्पासो म्हणाला, साडेसोळा कोयतं. मी विचारलं, अर्धा कसला? तर एकट्या गड्याला अर्धा धरतात.
माझ्याशिवाय एकटा गडी कोणी आहे का, फडात फिरून एकेकाला विचारलं, मग पप्पांनाही विचारलं. दोन स्वतंत्र सूत्रं. आकडा बरोबर आहे.