कागदाले पाय नसतात

सिरोंचा, ३ जुलै २०२४

ती. सुगंधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज तिसऱ्या दिवशी सिरोंचाले पोचलो. दोघंही धड आहो अन् सायकली बी. आलापल्लीच्या पुढं रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली, पण तुह्या चंदननं एकदाही कुरकुर केली नाई. चढावर मीच मागं राहतो. तो वर उभा राहून हसते, मामेभावाची काई इज्जत ठेवत नाई! उद्या गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणात मुक्काम, परवा इंद्रावतीचा पूल ओलांडून छत्तीसगड, अन् इथीच वापस. एवढ्या दूर सायकलवर पहिल्यांदाच निघालो अन् सीधे दोन परक्या राज्यांत!

तुही अट आम्ही पाळून राह्यलो. फोनवर 'सगळं ठीक' म्हणता कोणालेही येते, म्हणून तुले पत्रच पायजे, अन् त्यात चंदनच्या हातच्या दोन ओळी. एसटीचे कंडक्टर नागसेनभाऊ हे पत्र आपल्या मूल गावच्या स्टँडवर तुले देतीन. चंदन डावखुरा गडी, लिहिता लिहिता तळव्यानं शाई फासते. वाचता आलं तर वाच.

माया आहे तशीच राहू दे.
तुहा भाचा,
लोकेश

(आई, पाय दुखते पण मजा येऊन राह्यली. तुह्या हातच्या भाकरीची आठवण येते. — चंदन)

⁂

मूल, ४ जुलै

चि. लोकेशले आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. शाईनं माखलेल्या ओळी पाह्यल्या अन् जीव भांड्यात पडला. आंगणवाडीत तीस वर्षं पोरांच्या पाट्या पाह्यल्या मी. कोणता हात कोणाचा, ते मले बराबर समजते.

एक गोष्ट मात्र मनात सलून राह्यली. मागच्या पंधरवड्यात सरावासाठी तुमी एटापल्लीकडं गेले होते, तिथं गावात गोळ्या-औषधं देणाऱ्या त्या आशाताई मंगलीच्या ओसरीत मच्छरदाणी न लावता झोपले, हे मले आता समजलं. काऊन रे, अक्कल कुठी ठेवली होती? चंदनच्या बाबाले ताप आला तेव्हा दोन दिवस ते 'काई नाई, थकवा आहे' म्हणत राह्यले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवरच गेले. चंदन तेव्हा नऊ वर्षांचा होता. मले एकच पोरगं आहे, लोकेश. त्याचं अंग जरा गरम लागलं तरी कळव. मी रागावणार नाई. लपवलं तर मात्र रागावीन.

नागसेनभाऊजवळ चिवड्याचा डबा दिला आहे. चंदन एकटाच फस्त करन, तू आपला वाटा आधीच काढून ठेव.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून,
आत्या

⁂

सिरोंचा, ५ जुलै

ती. आत्यास नमस्कार.

दोन्ही पूल झाले, दोन्ही राज्यं झाली! कोणी अडवलं नाई, कोणी काई विचारलं नाई. रस्त्यावरची पाटी बदलली की राज्य बदललं, एवढंच. चिवडा भेटला. चंदन जेवून आत्ताच झोपला, चांगला आहे. माह्या सायकलची चेन तुटली म्हणून उद्या टेम्पोत सायकली टाकतो अन् मंगलीवहिनीच्या गावी मुक्काम करतो. परवा तिथून निघू.

गाडी उभी आहे, घाईत लिहितो. राग नको, लोभ पायजे.
लोकेश

(आई, मी एकदम मजेत आहो. माही चिंता करू नको. — चंदन)

⁂

मंगलीच्या गावाच्या शिवेबाहेर, ७ जुलै, सकाळ

लोकेश,

आज आशीर्वाद नाई लिहित.

काल तुहं पत्र भेटलं. खालच्या ओळी एकदम साफ, शाईचा एक डाग नाई. माह्या पोरानं जन्मात एक ओळ साफ लिहिली नाई! फोन लागला नाई, उभ्या पायानं निघाली. रात्र एटापल्लीच्या स्टँडवर काढली अन् सकाळी इथी पोचली, तर रस्त्यावर कडुनिंबाच्या डहाळ्यांची दोरी आडवी. गाव बांधलं आहे म्हणते. धानाच्या रोवण्याआधी हे लोक एक दिवस गाव बांधतात, रोगराई बाहेर राहावी म्हणून. उद्या दिवस निघेपर्यंत कोणी आत नाई, कोणी बाहेर नाई. मंगलीचे सासरे वारलूभाऊ गावाचे पुजारी आहेत, तेच दोरीजवळ बसले आहेत. मी रडली, हात जोडले. त्याईनं म्हटलं, बाई, माणसाले पाय असतात, कागदाले नसतात, तू लिही, मी पोचवतो. फाडलेल्या बांबूच्या चिमटीत धरून हा कागद ते दोरीवरून घेऊन राह्यले.

चंदनले काय झालं? खरं लिही.
सुगंधा

⁂

मंगलीवहिनीचं घर, ७ जुलै

आत्या,

तुह्यासमोर मान वर करायची माही लायकी नाई.

त्याले मलेरिया आहे. पाच तारखेले तेलंगणातून निघतानाच अंग तापलं होतं. आपण जिद्दीनं निघालो, अन् पाचव्या दिवशी टेम्पोत बसून वापस गेलो तर मूलची पोरं हसतीन, हेच माह्या डोक्यात होतं. चेन तुटली नव्हती. त्या ओळी मीच लिहिल्या. काल सांजेले इथी पोचलो तेव्हा वहिनी म्हणाली, आत्ताच एटापल्लीच्या दवाखान्यात न्या, उद्या गाव बांधणार आहेत. मी म्हटलं थकवा आहे, झोपला की उतरन. तुह्या पत्रात वाचलेला शब्दच माह्या तोंडून निघाला. पहाटे तो बडबडाले लागला, तेव्हा वहिनीनं बोटातलं रक्त तपासलं अन् गोळ्या सुरू केल्या.

रोगराई बाहेर ठेवाले या लोकाईनं गाव बांधलं, अन् मी ती आदल्या सांजेलेच आत आणून ठेवली.

वहिनी म्हणते, पहिली गोळी उलटली, आता दुसरी दिली आहे. ती पोटात राह्यली तर उद्यापर्यंत थांबता येते. उलटली, नाई तर शुद्ध हरपली, तर लगेच न्यावं लागन. वारलूभाऊनं सगळ्याईले विचारलं. गाव उघडलं तर साऱ्याईले पूजा पुन्हा करावी लागन अन् रोवणं मागं जाईन, पण चंदनच्या आईनं म्हटलं तर दोरी काढू, असं ठरलं. तू म्हणशीन तसं.

मले तो मघापेक्षा बरा वाटते. माह्यावर विश्वास ठेव म्हणाले तोंड नाई.
लोकेश

⁂

शिवेबाहेर, ७ जुलै, दुपार

लोकेश,

तुले बरा वाटते! परवाही तुले तो चांगलाच वाटला होता. तुह्या लिहिण्यावर मी माह्या पोराचा जीव कसा टांगू? साऱ्या गावाचा दिवस माह्या हातात देऊन ते वारलूभाऊ खाली मान घालून बसले आहेत. मी काय म्हणू त्याईले?

चंदनच्या हातात पेन दे. तुह्या हातानं त्याचा हात धरू नको. दोन ओळी आल्या नाई तर मी दोरी काढाले सांगते.
सुगंधा

⁂

(आई, गोळी पोटात राह्यली. वाटीभर पेज पेलो. गाव उघडाले लावू नको, उद्या मी चालत येतो तुह्याजवळ. त्या दिवशी माहा हात थरथरत होता म्हणून मीच लोकेशदादाले म्हटलं, माह्या नावानं तू लिही. तो तुले हे सांगणार नाई. — चंदन)

⁂

शिवेबाहेर, ७ जुलै, सांज

चि. लोकेश अन् चि. चंदन,

दोन ओळी मागितल्या, तर पानभर लिहून पाठवलं. अर्धं वाचता येत नाई एवढी शाई फासली. वारलूभाऊले म्हटलं, राहू द्या दोरी. त्याईनं आतून एक घोंगडं बांबूवर टाकून माह्याकडं सरकवलं.

लोकेश, तुले माफ केलं असं समजू नको. चंदनलेही नाई. बापाच्या वळणावर गेला, अन् 'काई नाई' म्हणाले त्याले तू सोबती भेटला. तू सगळं आपल्या अंगावर घेतलं, ते मात्र मी पाह्यलं. घरी गेल्यावर दोघाईले एकाच लाकडानं झोडपीन.

आज तू त्याच्या उशाशी बस. मंगलीनं सांगितलेली वेळ चुकवू नको. मी हलत नाई इथून. कागद हातात आला तेव्हा शाई ओलीच होती, माह्या अंगठ्याले लागली आहे. मंगाशी पाणी पेली, पण तो हात धुतला नाई.

दिवस निघेपर्यंत शिवेवर,
तुमची आई अन् आत्या