गुरुंग मॅडमनं घातलेली वेणी

प्रिय गुरुंग मॅडम,

तुम्ही नेपाळला परत गेलात आणि पत्ता विचारायचा राहिला, म्हणून हे पत्र माझ्याकडंच राहणार. मी बिडकीनची ज्ञानेश्वरी, तुमच्या पाचवीच्या वर्गातली.

आमच्या शेळके मॅडम अपघातात गेल्या आणि त्यांच्या जागी तुम्ही आलात. मधल्या सुट्टीत कुणी खेळायला जात नव्हतं. तुमच्या मोडक्या मराठीला हसायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही. एक दिवस पुस्तक मिटून तुम्ही सांगितलंत, की नेपाळात भूकंप झाला त्या सकाळी तुम्ही आईशी भांडला होतात आणि दुपारी आई ढिगाऱ्याखाली गेली.

"माझा रागामुळे भूकंप आला काय?"

"नाय मॅडम!" सगळा वर्ग ओरडला.

"मग शेळके मॅडम उद्या येऊ नये, असा कोण कोण म्हणाला होता?"

गृहपाठ न केलेल्या सोमनाथनं रडत हात वर केला. मग एकेक करत जवळजवळ सगळेच हात वर आले. त्या दिवशी आम्ही लई रडलो, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा लंगडी खेळलो.

माझा हात मात्र खालीच होता. मी नुसतं मनात म्हटलं नव्हतं, मॅडम येऊ नयेत म्हणून मारुतीला नारळ बोलले होते. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत, माझी सुटलेली वेणी घातलीत आणि हळूच म्हणालात, "तुझा मुळे पण नाही."

तशी घट्ट वेणी मला पुन्हा कुणी घातली नाही. तुम्हाला कसं कळलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तुमचीच,
ज्ञानेश्वरी