एका भांड्यात नऊ खोल्या

रविवार, चौदा सप्टेंबर

प्रिय बारके,

शनिवार, नऊ ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ तुझ्या घड्याळातली. तुझं घड्याळ जन्मापासून चार मिनिटं पुढे आहे, तेव्हा खरी वेळ चार वाजून सहा. अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत मी दातांच्या डॉक्टरकडून घरी आले आणि मागच्या खोलीच्या खिडकीत माझे अळ्यांचे अठरा डबे धुऊन-पुसून उपडे घातलेले पाहिले. शेजारी बाह्या सरसावून तू उभी. चेहरा असा, की आता मी तुला बक्षीस देणार. टेबलावर माझं काचेचं मोठं भांडं वीतभर मातीने भरलेलं, वर शेवाळ, मधोमध सफरचंदाची फोड. आणि तू म्हणालीस, “ताई, बिचाऱ्या एकेकट्या होत्या गं! बघ आता कशा मजेत आहेत.”

बारके, त्या वेळी शेवाळाच्या कडेला त्यांतली एक दुसरीला खात होती. तुला वाटलं, खेळताहेत.

एकतीस वर्षं मी त्या शेतीच्या संशोधन केंद्रात भुंगेरे वाढवले. त्या एकतीस वर्षांत ते भुंगेरे करतात काय, हे तू एकदाही विचारलं नाहीस. लोकांना मात्र सांगायचीस, “आमची ताई किड्यांच्या खात्यात आहे,” जणू मला शिक्षा म्हणून तिथे पाठवलं होतं. तर आता ऐक. जमिनीवर पळणारा हा भुंगेरा काळा कुळकुळीत, कडेला जांभळी झाक. उडत नाही. भाजीच्या वाफ्यातल्या गोगलगायी खातो, म्हणून शेतकऱ्याच्या कामाचा. आणि त्याची अळी त्याहून खादाड. समोर जे हलेल ते खाते, सख्खी बहीण असली तरी. म्हणून प्रत्येकीला वेगळा डबा, प्रत्येकीला वेगळी गोगलगाय, आणि झाकणावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘एकटी ठेवावी’. असं अक्षर यावं म्हणून कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरने आधी मला, मग तुला, एकाच वर्गात, एकाच पट्टीने बोटांवर मारलं होतं. तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.

केंद्राने भुंगेऱ्यांची खोली बंद केली तेव्हा साहेब म्हणाले, “बाई, द्या टाकून.” मी चार जोड्या जेवणाच्या डब्यातून घरी आणल्या. दोन वर्षं त्यांची अंडी मातीतून चमच्याने वेचली, अळ्या वाढवल्या, हिवाळाभर भुंगेरे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात निजवले. थंडी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी अंडी घालत नाहीत. जुनी जोडपी म्हातारी होऊन आणि गेल्या वर्षी निघालेले भुंगेरे अंडी घालून, या उन्हाळ्यात सगळे गेले. त्या अठरा अळ्या, एवढंच त्या घराण्याचं उरलं होतं. म्हणून मी जे बोलले ते बोलले.

काय बोलले ते तू विसरली नसशील. मी तर नाहीच. “दोघींना एका डब्यात ठेवलं की एकच उरते. मला माझा डबा पुरतो.” अर्ध्या तोंडाने बोलले, निम्मे शब्द ओठांतून सांडले, तरी तुला सगळं नीट कळलं. तू सरळ बॅग भरायला घेतलीस, हे मला सगळ्यात झोंबलं. लहानपणी तू चावायचीस तरी. सहाच्या गाडीला निघालीस, आणि दारात फक्त एवढंच म्हणालीस, “जबड्याला गार पाण्याची पट्टी ठेव.”

त्यानंतर मी काय केलं? चार अळ्या वरच्यावर सापडल्या, त्या चिमट्याने उचलून वेगळ्या केल्या. दोघींचे पाय तुटलेले होते, त्या आठवडाभरात गेल्या. उरलेल्या दोघींनी डब्यात कोष केले आणि ते काळे पडले. भांड्यातल्या बाकीच्या तर एकमेकींना खाऊन गेल्या असणार, म्हणजे संपलंच. ते काचेचं भांडं मला डोळ्यांसमोर नको झालं. माती उपसून बघायलाही हात होईना. जुनं वर्तमानपत्र झाकलं आणि मागच्या खोलीच्या फळीवर ढकललं, तू भिंतीवर सोडून गेलेल्या तुझ्या घड्याळाखाली. सवयीने झाडांना पाणी घालताना त्यावरही शिंपडत होते, तेवढंच. राग कुणावर होता ते मात्र दर दिवशी बदलत होतं.

परवा, शुक्रवारी सकाळी, चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेले तर वर्तमानपत्र हलत होतं. उंदीर समजून मी चप्पल उचलली. कागद बाजूला केला, तर शेवाळावर एक भुंगेरा, अंग नुकतं वाळलेला, जांभळी कड अशी चमकत होती की मी उभ्या उभ्या चहा सांडला. मातीला गोल भोक. त्याच्या शेजारी दुसरं. केंद्रात मी वर्षानुवर्षं ज्या पोरींना कामाला लावलं त्यांना म्हणायचे, मोजताना शंका आली तर मोजणी पुन्हा करा. मी चार वेळा केली. काल संध्याकाळपर्यंत नऊ झाले. घाबरले की हे भुंगेरे जी आंबट घाण फवारतात, ती एकाने माझ्या बोटावर उडवली. दोनदा साबण लावूनही वास जात नाही, आणि मी उगाच पुन्हा पुन्हा हुंगते आहे.

आता हे नीट वाच, कारण पुन्हा तोंडी कबूल करणार नाही. अळी पुरती वाढली की खाणं सोडते. मग ती कुणाच्या वाटेला जात नाही, खाली उतरते, आणि अंगाने माती दाबून दाबून आपल्यापुरती एक गुळगुळीत खोली करते. त्या खोलीत निजून भुंगेरा होते. काचेतून मी पाहिलं. नऊ खोल्या, एकाच भांड्यात, मधे बोटभर मातीची भिंत. खाली उतरल्यावर कुणी कुणाला खाल्लं नाही. त्या दिवशी मी शहाणपणा करून माती उपसली असती तर सगळ्या खोल्या मोडल्या असत्या. आणि माझ्या डब्यांत माती दोनच बोटं असायची, फळीवर मावावेत म्हणून. केंद्रात खोल कुंड्या असायच्या, घरी मी काटकसर केली. गेल्या वर्षी त्यामुळे विसांतून पाचच धड निघाले होते, आणि मी दोष दिला हवेला. तू न विचारता, न वाचता, वीतभर माती घातलीस. अठरांतून नऊ. दोन वर्षांतलं सगळ्यात चांगलं पीक. तरीसुद्धा चिठ्ठी न वाचल्याचा गुन्हा कायम आहे.

पण बारके, मी तुला भुंगेऱ्यांसाठी बोलले नव्हते. तू आठ दिवसांसाठी म्हणून आलीस आणि बॅगेतून टिकटिक ऐकू येत होती. आठ दिवसांसाठी कुणी भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतं? तुझा नवरा गेल्यापासून त्या घरात तुला कुणाचा आवाज नाही, हे मला कळत होतं. तू घड्याळ मुकाट्याने मागच्या खोलीतल्या खिळ्याला लावलंस, ते मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. ‘इथेच राहू का’ असं तू विचारशील म्हणून मी घाबरले होते. एकटी राहून मला सवय झाली आहे. एका खोलीत आपण दोघी महिनाभरात एकमेकींना फाडून खाऊ. अळ्यांनी मला निमित्त दिलं आणि तू विचारण्याआधीच मी उत्तर दिलं.

मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या महिनाअखेरीस मुलीकडे जात आहेत. खोली उजेडाची आहे, दार वेगळं, कडी आतून तुझी. काल दुपारी मी घरमालकाला सांगून आले, माझी धाकटी बहीण येते आहे, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका. तुला न विचारता सांगितलं, तेव्हा आता फिट्टंफाट. तुझं घड्याळ त्याच भिंतीला, पण तुझ्या बाजूने लागेल. टिकटिक मला इकडे ऐकू येईल तेवढी पुरे. घरमालक तीस सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी पाचपर्यंत थांबतील. त्याआधी तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे, लेखी. फोन करू नकोस. तू रडशील, मी ओरडेन आणि खोली तिसऱ्यालाच जाईल. येणार की नाही ते स्वच्छ अक्षरात लिही, खाली सही कर. पाच म्हणजे खरे पाच, तुझ्या घड्याळातले नव्हेत.

तुझीच,
ताई