वैजनाथमामांचा आजचा शब्द

शनिशिंगणापूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. वैजनाथमामांस,
गोरक्षचा शि. सा. न.

मंगळवारी तुम्ही माझं रेकॉर्डिंग क्लासच्या ग्रुपवर टाकलंत, तिथंच माझं सगळं पालटलं. मोबाईल मी तेव्हाच तुमच्या भिंतीवर आपटला, म्हणून हे पोस्टानं.

तुमचा रोजचा नियम, आजचा अवघड इंग्रजी शब्द म्हणायचा, अर्थ सांगायचा, स्वतःचं वाक्य करून तुम्हाला पाठवायचं. शब्द होता ‘अनरिक्वायटेड’, म्हणजे ज्या प्रेमाला समोरून उत्तर न्हाई असं. मी वाक्य केलं की आपल्या क्लासातल्या सृष्टीवरचं माझं प्रेम तसलंच आहे. ते तुमच्या एकट्यासाठी होतं. तुम्ही सगळ्यांना पाठवून वर लिहिलंत, ‘क्वि’ नाही, ‘क्वाय’ म्हणा. ग्रुपात तिचे वडीलही आहेत, मामा. कॉलेज अर्ध्यात सोडून मी राहात्याला आलो ते काय तुमच्या इंग्रजीसाठी? तुम्ही उच्चार तेवढा ऐकलात.

लोभाचं काही लिहीत न्हाई.

गोरक्ष


राहाता,
१० फेब्रुवारी

चि. गोरक्ष यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीनं लिहिला. चुकीचे उच्चार मी ग्रुपवर टाकून सुधारतो, हे क्लासात सगळ्यांना ठाऊक आहे. तुला नेमकं त्यातच प्रेम सांगायचं सुचलं. मला खरंच ‘क्वि’ तेवढं ऐकू आलं. बाकीचं तुझ्या मामीनं ऐकलं आणि पळी घेऊन माझ्यावर आली.

पण भिंतीचा पोपडा काढून पळालास, त्याचं काय? सृष्टीचे वडील भिमाजीराव येऊन गेले. तो पोरगा क्लासात असेल तर आमची मुलगी येणार नाही, म्हणाले. परदेशातल्या नर्सिंगसाठी तिची इंग्रजीची परीक्षा तोंडावर आलीय. मी सांगितलं, भाच्याला मी घराबाहेर काढत नसतो. तू ये, त्यांच्या पाया पड, गप शिक, जूनला कॉलेजात परत जा. मामीनं तुझी गादी उचललेली नाही.

राग तिकडंच ठेवून येणे.

वैजनाथ


राहाता,
१३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

आलो, पण पाया पडायला न्हाई. आधी सृष्टीकडं गेलो. ती ओट्यावर कपडे वाळत घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली की तुझ्या प्रेमापायी माझा क्लास गेला, तेवढा परत आणून दे, बाकी मला तुझं काही नको. अवघड शब्द एक न्हाई त्यात. लई नीट समजलं.

म्हणून क्लास मी सोडतोय. भिमाजीरावांना आजच फोन करा, तिला उद्यापासून बसवा. तिचं रेकॉर्डिंग मात्र शेवटपर्यंत ऐकत जा. तुमच्यावरचा राग गेलेला न्हाई.

तुम्ही वर शिकवताय. पोरं एका सुरात कुठला तरी शब्द घोकतायत, मला त्याचा अर्थ नको. मामी दळण आणायला गेलीय. तिचा लोभ असू द्या, तुमचा तुमच्यापाशी ठेवा.

शिंगणापुरात आमच्या घराला दार न्हाई, नुसता पडदा. कितीही चिडून निघालो तरी परत आत शिरायला सोपं जायचं. तुमच्या घराला दार आहे. पत्र टेबलावर ठेवतो, बॅग उचलतो. वर आवाज येईल तो मी बाहेर पडून दार लावल्याचा.

गोरक्ष